‘लोकेल’ : भाषा आणि देश यांच्या सांगडीचा इतिहास

संगणकाने तारीख कोणत्या क्रमाने लिहावी, दशांशासाठी टिंब वापरावे की स्वल्पविराम, आठवडा रविवारी आरंभावा की सोमवारी, या गोष्टी वापरणाऱ्यास न विचारता आधीच ठरविलेल्या असतात. अशा पूर्वनिश्चित संकेतांच्या संचास ‘लोकेल’ म्हणतात. नाव स्थलवाचक असले तरी आज त्याची ओळख प्रथम भाषेने व मागाहून देशाने पटविली जाते. ही सांगड कशी पडली, हा प्रश्न भाषाभ्यासकाने केवळ यंत्रज्ञांवर सोपवावा असा नाही.

आरंभी या व्यवस्थेत देश होता, भाषा नव्हती. १९८४ च्या एमएस-डॉस ३.० मध्ये ‘कंट्री’ नावाची एकच सूचना असे आणि देशाचा क्रमांक म्हणून आंतरराष्ट्रीय दूरध्वनीचा संकेतांक घेतला जाई : अमेरिका १, फ्रान्स ३३, ब्रिटन ४४. अडचण कॅनडाने उभी केली. दूरध्वनीच्या हिशेबाने तो देश अमेरिकेच्याच क्रमांकात मोडतो. परंतु तेथील फ्रेंच भाषकांचे संकेत निराळे. तेव्हा पुढे त्यांच्यासाठी २ हा क्रमांक योजावा लागला, जो दूरध्वनीत कोणत्याही देशाचा नाही. देशांच्या यादीत भाषा शिरली ती अशी, मागच्या दाराने.

१९८९ मध्ये अमेरिकेत सी या संगणकभाषेचे प्रमाणीकरण झाले आणि लोकेल ही तिची अधिकृत संकल्पना ठरली. अक्षरे, वर्णानुक्रम, चलन, संख्या व काळ हे विभाग त्या प्रमाणात स्वतंत्र कल्पिलेले होते. म्हणजे एकाची भाषा व दुसऱ्याची तारीख घेण्यास तत्त्वतः आडकाठी नव्हती. तथापि युनिक्स कुळातील यंत्रणांत भाषा व देश यांच्या जोड्या आगाऊ रचून ठेवण्याची पद्धत रूढ झाली, आणि जी जोडी कोणी रचली नाही ती यंत्राच्या लेखी अस्तित्वातच नाही. ‘मराठी–भारत’ ही जोडी झाली. ‘मराठी–अमेरिका’ झाली नाही. बोस्टनमधील मराठी माणसाने ती मागितली, तर आज्ञावली ‘सी’ नावाच्या मूळ लोकेलवर परतते. हे लोकेल कोणत्याच देशाचे नाही अशी समजूत आहे. वस्तुतः त्यातील महिन्यांची नावे इंग्रजी असून तारखेत महिना आधी व दिवस नंतर येतो, म्हणजे क्रम अमेरिकेचा! ०३/०४ ही ३ एप्रिल की ४ मार्च, हे मग वाचणाऱ्याने ताडायचे. महिन्याच्या तेराव्या दिवसापासून चूक उघडी पडते. पहिल्या बारा दिवसांत ती दिसतच नाही, आणि औषधाच्या वेष्टनावर वा करारनाम्यावर हे अनिष्टच होय.

लोकांनी पळवाटाही काढल्या. ‘इंग्रजी–डेन्मार्क’ या विचित्र जोडीत वर्ष, महिना, दिवस असा निःसंदिग्ध क्रम असे. म्हणून डेन्मार्कशी काडीचा संबंध नसलेल्यांनीही ती आपलीशी केली.

या गोंधळाला काही शिस्त आली ती २००३ मध्ये आरंभलेल्या व २००४ मध्ये युनिकोड संघाकडे आलेल्या सामायिक लोकेल-कोशामुळे. चलन, मापनपद्धती, आठवड्याचा पहिला वार ही माहिती तेथे देशाच्या नावे आहे. महिन्यांची नावे भाषेच्या नावे. सीमारेषा मात्र सर्वत्र स्वच्छ नाही. मराठी व हिंदी यांचा देश एक, लिपी एक. तरी या कोशात मराठीचे गृहीत अंक नागरी आहेत आणि हिंदीचे रोमन वळणाचे. म्हणजे अंक भाषेकडे गेले. उलट लाख-कोटींची स्वल्पविरामपद्धती भारतातील इंग्रजीलाही लागू आहे, ब्रिटनच्या इंग्रजीला नाही. ती देशाकडे गेली. मराठीची देशवार नोंद केवळ भारताची आहे. मॉरिशसच्या मराठी भाषकांसाठी निराळी नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतरही बडोदे, इंदूर, तंजावर येथील मराठीचा प्रश्न ज्यांच्या ध्यानात राहिला, त्यांना या पोकळीचे नवल वाटणार नाही.

भाषा एका ठिकाणची ठेवून प्रदेशाचे संकेत दुसऱ्या ठिकाणचे घेण्यासाठी युनिकोडने लोकेलच्या नावास जोडावयाचे एक पुरवणी-चिन्हही पुढे सिद्ध केले. उपाय सरळ आहे. पण आज्ञावली रचणाऱ्याने त्याची दखल घेतली तरच.

अलीकडे गाडी उलट दिशेने चालली आहे. जोडणी कोणत्या देशातून आली हे पाहून अनेक संकेतस्थळे भाषा ठरवितात. ब्रसेल्समध्ये उतरलेल्या मराठी प्रवाशास मग डच किंवा फ्रेंच पान वाढले जाते. वस्तुतः वाचकाच्या पसंतीच्या भाषा क्रमाने कळविण्याची सोय एचटीटीपी १.१ च्या १९९७ मधील नियमांतच केलेली आहे, आणि त्याचा ब्राउझर त्या प्रत्येक विनंतीबरोबर कळवीतही असतो.