पुसदचा काळा कोट : कामाच्या जागी ‘योग्य पोशाख’ ठरवला कोणी?

१/ १९४१ साली यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथे एका तरुणाने वकिली सुरू केली. वसंतराव फुलसिंग नाईक हे त्यांचे नाव. जवळच्या गहुली येथील बंजारा तांड्यात १ जुलै १९१३ रोजी त्यांचा जन्म झाला होता. १८७१ नंतर काही प्रांतांत इंग्रज सरकारने ज्या समाजावर ‘गुन्हेगार जमाती’चा शिक्का मारला, त्याच समाजाचा मुलगा आता काळा कोट घालून न्यायालयात उभा राहणार होता. त्या कोटाचे मोल समजण्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागते.

२/ कचेरीत काय घालावे हा प्रश्न आपल्याकडे प्रथम उपस्थित झाला तो पायताणावरून. आपल्या रीतीप्रमाणे आदर दाखवायचा तर जोडे बाहेर काढायचे आणि डोक्यावरची पगडी तशीच ठेवायची. इंग्रजांची रीत नेमकी उलटी होती. ते टोपी काढत आणि बूट घालूनच आत येत. दोन्ही रीतींच्या मुळाशी सभ्यताच होती. परंतु कचेरी कोणाची, यावर कोणती सभ्यता चालणार हे ठरू लागले.

३/ अडचण झाली ती नव्याने इंग्रजी शिकलेल्यांची. १८५४ मध्ये सरकारने एक तोडगा काढला. युरोपीय धाटणीचे बूट-मोजे घालणाऱ्या एतद्देशीय गृहस्थांना सरकारी समारंभांत ते पायात ठेवण्याची मुभा मिळाली. देशी जोडा मात्र दाराबाहेरच राहिला. माणूस तोच, पाय तेच. मान मिळाला तो चामड्याच्या घाटाला.

४/ न्यायालयांत हा वाद आणखी चिघळला. १८६२ मध्ये सुरतेच्या न्यायालयात माणेकजी कावसजी एंटी हे पारशी गृहस्थ असेसर, म्हणजे न्यायाधीशांना खटल्यात मत देणारे नागरिक, म्हणून गेले. जोडे काढण्यास त्यांनी नकार दिला आणि प्रकरण मुंबई सरकारपर्यंत पोहोचले. पुढील वर्षांत सरकारला पुन:पुन्हा या विषयात लक्ष घालावे लागले. एका जोड्यापायी इतका कागद खर्ची पडला, कारण वाद अधिकाराचा होता.

५/ या ओढाताणीतून कारकून, मास्तर आणि वकील यांचा एक मिश्र वेष घडला. खाली धोतर, वर बंद गळ्याचा कोट, खांद्यावर उपरणे आणि डोक्यावर पगडी किंवा काळी टोपी. जुन्या छायाचित्रांत तो आज गमतीदार वाटतो. वास्तविक तो दोन जगांमधला तह होता. कोटाने कचेरीचे समाधान होई आणि धोतराने घराचे.

६/ प्रत्येक वेळी तह करावा का? १८९३ मध्ये दरबानच्या न्यायालयात दंडाधिकाऱ्याने पगडी उतरवण्यास सांगताच मोहनदास गांधी न्यायालय सोडून बाहेर पडले. पुढच्याच वर्षी नाताळच्या सर्वोच्च न्यायालयात वकील म्हणून शपथ घेतल्यावर मुख्य न्यायाधीशांनी तीच सूचना केली, तेव्हा मात्र त्यांनी पगडी उतरवली. मोठ्या लढायांसाठी बळ राखून ठेवायचे, असा त्यामागचा विचार त्यांनी आत्मचरित्रात सांगितला आहे.

७/ पुढे त्याच गांधींच्या नावाची पांढरी टोपी सरकारला खुपू लागली. १९२० नंतर अनेक ठिकाणी सरकारी नोकरांना ती घालण्यास मनाई झाली आणि काही न्यायालयांत वकिलांनाही अडवले गेले. खादी घालणे म्हणजे नोकरीवर पाणी सोडण्याची तयारी ठेवणे, असा तो काळ होता. पुसद परिसराला हे वारे नवीन नव्हते. १० जुलै १९३० रोजी येथेच लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातील गवत कापून जंगल सत्याग्रह केला. वणीचे अणे स्वतः यवतमाळात वकिली केलेले होते.

८/ येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. कोट टाकून खादी धारण करणे हा त्याग होता, आणि त्याग करण्यासाठी आधी तो कोट अंगावर असावा लागतो. ज्यांना नीटनेटके कपडे घालण्याचीच बंदी होती, त्यांचे काय? १९२८ च्या आरंभी इंदूर भागातील बलाई या अस्पृश्य मानलेल्या समाजावर गावातील सवर्णांनी नियम लादले. पुरुषांनी जरीकाठी पगडी बांधू नये, रंगीत काठाचे धोतर नेसू नये. स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या भाषणात ही घटना नोंदवली आहे.

९/ म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे जमलेल्या स्त्रियांना बाबासाहेबांनी पोशाखाविषयी मुद्दाम सांगितले. जातीची ओळख सांगणारे जड दागिने टाका, लुगडे नेसण्याची जुनी धाटणी बदला, वस्त्र जुने असले तरी स्वच्छ ठेवा. हा उपदेश वरवर घरगुती वाटतो. पण ज्या समाजात नेसण्याच्या पद्धतीवरून जात ओळखली जाई, तेथे निऱ्या बदलणे हेही बंड होते. स्वतः बाबासाहेबांचा सूट याच भूमिकेतून वाचावा लागतो.

१०/ तरीही पोशाखाची एक मर्यादा होती, आणि ती बाबासाहेबांइतकी कोणी सोसली नसेल. अमेरिका व इंग्लंडमधून शिकून १९१७ मध्ये ते बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. राहायला जागा मिळेना, म्हणून ते एका पारशी धर्मशाळेत गेले. अंगावर चांगले कपडे होते. पण सदरा आणि कुस्ती ही पारशांची खूण नव्हती, आणि तेवढ्यावरून व्यवस्थापकाने ते पारशी नाहीत हे ओळखले. पारशी नाव लावून काही दिवस निघाले. अखेर काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. सुटाने दार उघडले, पण आत राहू दिले नाही.

११/ आता पुन्हा यवतमाळकडे. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला, आणि १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीच्या काळात येथील कापसाला इंग्लंडच्या गिरण्यांतून मोठी मागणी आली. पुढे यवतमाळ ते मूर्तिजापूर ही ‘शकुंतला’ रेल्वेही कापसासाठीच आली. बैलांच्या तांड्यांवरून धान्य आणि मीठ वाहून नेणाऱ्या बंजाऱ्यांचा पिढीजात धंदा रस्त्यांनी आणि रेल्वेने बसवला. जगाचे कपडे ज्या मातीतून निघत, तेथेच एका समाजाची उपजीविका उसवत गेली.

१२/ त्या समाजाचा वेष दुरून ओळखू येई. स्त्रियांचा आरसे जडवलेला फेटिया आणि काचळी, पुरुषांचे धोतर आणि रंगीत पागोटे. तांड्यात तो अभिमानाचा विषय होता; पण ‘गुन्हेगार’ या शिक्क्यानंतर असा ठळक वेष संशयाचेही कारण होऊ शकत होता. अशा समाजातील माणूस न्यायालयाची पायरी चढे तो बहुधा आरोपी, साक्षीदार किंवा कर्जबाजारी म्हणून.

१३/ वसंतरावांनी नागपुरात कायद्याची पदवी घेतली, अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली काही काळ काम केले आणि मग पुसद गाठले. काळ्या कोटाने त्यांना न्यायालयात उभे राहण्याची जागा बदलून दिली. १९४६ मध्ये ते पुसदचे नगराध्यक्ष झाले. ५ डिसेंबर १९६३ पासून ११ वर्षांहून अधिक काळ ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. टापटीप पोशाख आणि पाईप ही त्यांची ओळख बनली. शेतीवर बोलणाऱ्या नेत्याने शेतकऱ्यासारखेच दिसावे, ही अपेक्षा त्यांनी मानली नाही.

१४/ त्या काळ्या कोटाचे नियमही आज वाचण्यासारखे आहेत. बार कौन्सिलच्या नियमांत अचकन आणि काळी शेरवानी चालते, धोतरही चालते; जीन्स मात्र वर्ज्य आहे. कनिष्ठ न्यायालयांत पांढऱ्या पट्ट्यांऐवजी काळा टाय लावता येतो. उन्हाळ्यात सर्वोच्च आणि उच्च न्यायालये वगळता कोटाची सक्तीही नाही. मे महिन्यात यवतमाळचा पारा पंचेचाळिशीकडे झुकतो, तेव्हा इंग्लंडच्या थंडीत जन्मलेल्या या कोटाला विदर्भाच्या उन्हापुढे माघार घ्यावी लागते.

१५/ डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी परिपत्रक काढले. जीन्स, टी-शर्ट आणि स्लिपर नको. आठवड्यातून किमान एकदा, शुक्रवारी, खादी वापरावी. जी खादी घातली म्हणून एकेकाळी नोकरी धोक्यात येई, तिचीच शिफारस आता सरकार करू लागले. शंभर वर्षांत कापड बदलले नाही. कचेरी मात्र दुसऱ्याच्या हाती गेली.

१६/ आज यवतमाळ, पुसद किंवा वणीहून नोकरीच्या मुलाखतीला निघालेला एखादा तरुण मित्राचा शर्ट मागून आणतो, बूट पुसतो आणि आपण ‘योग्य’ दिसतो का, असे आरशाला विचारतो. इतिहास त्याला दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवतो. स्वच्छता, नीटनेटकेपणा आणि कामाविषयीचा आदर ही मागणी रास्त आहे. महाडच्या सभेतही ती होती. बाकीचे नियम त्या त्या काळच्या खुर्चीने केले आणि खुर्चीबरोबर बदलले. ते शिकून घ्यावेत, गरज पडेल तेथे पाळावेत. मात्र आपली लायकी त्यांवर मोजू नये. उद्या मुलाखत घेणाऱ्याच्या खुर्चीवर बसण्याची पाळी त्याच्यावर येईल, तेव्हा समोरच्या उमेदवाराचा जोडा पाहण्याआधी त्याचे म्हणणे ऐकावे, एवढे या इतिहासाचे देणे आहे.