अभ्यासाची पदवी

कवी जन्मावा लागतो, तो घडविता येत नाही, हे वचन आपल्याकडे इतके रुळले आहे की, ललितलेखनाचे शिक्षण विद्यापीठात मिळते असे ऐकताच पुष्कळांच्या ओठांवर हसू उमटते. परंतु या शिक्षणाचा पूर्वेतिहास पाहिला म्हणजे ते हसू थोडे आवरते घ्यावे, असे आम्हांस वाटते.

अमेरिकेत, मक्याच्या शेतांनी वेढलेल्या आयोवा येथील विद्यापीठात पद्यरचनेचा वर्ग १८९७ सालीच भरला होता. तथापि निर्णायक पाऊल पडले ते १९२२ साली. पदव्युत्तर विभागाचे अधिष्ठाता कार्ल सीशोर यांनी त्या वर्षी, प्रबंधाच्या जागी स्वतंत्र कलाकृती सादर करूनही उच्च पदवी मिळविता येईल, असे जाहीर केले. सीशोर कवी नव्हते. ते मानसशास्त्रज्ञ होते, आणि संगीताची उपजत जाण मोजण्याच्या कसोट्या त्यांनी १९१९ मध्ये प्रसिद्ध केल्या होत्या. उपजत गुणांचे मोजमाप करणाऱ्यानेच अभ्यासाला दार उघडावे, यात आम्हांस विसंगती दिसत नाही. बीज ओळखणाऱ्यालाच पाण्याची निकड कळते.

या सवलतीचा लाभ प्रारंभी ज्यांनी घेतला त्यांत पॉल एंगल हे होते. त्यांचा पदवीसाठी सादर झालेला काव्यसंग्रह १९३२ साली छापला गेला. पुढे १९३६ मध्ये विल्बर श्राम यांच्या हाताखाली लेखकांची कार्यशाळा रीतसर सुरू झाली, आणि १९४१ पासून १९६५ पर्यंत एंगल यांनी तिची धुरा वाहिली. महायुद्ध संपल्यावर सरकारी साहाय्याने शिकू आलेले सैनिक तेथे दाखल झाले. नदीकाठच्या तात्पुरत्या लष्करी बराकींत वर्ग भरत. पद्धत साधी होती: एकाचे हस्तलिखित सर्वांनी आधी वाचावयाचे, मग त्यावर चर्चा करावयाची, आणि ती चालू असता लेखकाने बहुधा मौन पाळावयाचे. अशा शाळांतून एकाच साच्याचे लेखन बाहेर पडते, हा आक्षेप पुढे अनेकांनी घेतला, आणि तो निराधार नाही. मात्र शाळेने प्रतिभा दिल्याचा दावा न करता वेळ, शिस्त आणि परखड वाचक दिले, एवढे मान्य करावेच लागेल.

आपल्या परंपरेस तरी हे कोठे नवे आहे? मम्मटाने काव्याच्या हेतूंत शक्तीबरोबर निपुणता आणि अभ्यास यांनाही स्थान दिले. राजशेखराने कवीच्या दिनचर्येत अध्ययन, रचना, काव्यगोष्ठी आणि पुनःपरीक्षण यांस वेळ नेमून दिला. त्याच्या पणजोबांस महाराष्ट्रचूडामणी म्हणत. तो स्वतः मात्र दूर कनोजच्या दरबारी राहिला.

चित्रपटकलेनेही हाच मार्ग धरला. मॉस्कोत १९१९ साली तिची शाळा निघाली, लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात १९२९ साली अध्यापन सुरू झाले, आणि पुण्यात १९६० साली प्रभातच्या जागेत केंद्र सरकारने संस्था स्थापिली. पॉडकास्ट हा शब्दच २००४ मधला. तरी त्याचे अध्यापनही विद्यापीठांत शिरले आहे. साधने बदलली, प्रश्न तोच राहिला.

एंगल आणि चिनी लेखिका हुआलिंग निए यांनी १९६७ साली आयोवातच परदेशी लेखकांसाठी निराळा उपक्रम आरंभिला. त्यात १९७५ ते १९७७ या काळात दिलीप चित्रे होते. त्यांचा जन्म १९३८ सालचा, बडोद्याचा. तुकोबांचे अभंग इंग्रजीत नेणारा हा कवी मराठी मुलखाबाहेर जन्मला, हे आपणांसारख्या परमुलखात नोकरी करणाऱ्यांनी ध्यानी ठेवण्याजोगे आहे.

बदलीच्या गावी मराठी लिहिणाऱ्यास कागदाची वा फुरसतीची वाण क्वचितच असते. वाण असते ती, लिहिलेले वाचून चुकते तेथे चुकते असे सांगणाऱ्या चारदोन माणसांची. स्नेहसंमेलनात टाळ्या मिळतात, परीक्षण मिळत नाही. आणि परीक्षणावाचून परमुलखातील मराठी हळूहळू केवळ सणावारांची भाषा होऊन बसते. आयोवा हेही न्यूयॉर्कच्या प्रकाशकांपासून फार दूरचे गाव होते. तेथे साहित्याचे केंद्र उभे राहिले ते लेखकांनी परस्परांची हस्तलिखिते मनःपूर्वक वाचली म्हणून. त्यास विद्यापीठाची मोहोर लाभली, हा भाग्याचा भाग. पण वाचनाचा आरंभ करण्यास मोहोरेची आवश्यकता नाही.