गॅमा-किरण युग्मतारे : कणांचे वेगवर्धन

तप्त, महाकाय तारा व त्याभोवती फिरणारा संहत गोल (न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर) यांच्या ज्या जोडीचे प्रारण, ताऱ्याचा स्वतःचा प्रकाश वजा करता, मुख्यत्वे गॅमा किरणांत असते, तिला गॅमा-किरण युग्मतारा म्हणतात. ज्ञात उदाहरणे मोजकीच असून संहत गोलाचे स्वरूप बहुतेकांत अनिश्चित आहे.

पीएसआर बी १२५९-६३ ही जोडी मात्र निःसंदिग्ध आहे. ऑस्ट्रेलियातील पार्क्स दुर्बिणीने शोधलेला व १९९२ मध्ये जाहीर झालेला, सुमारे ४८ मिलिसेकंदांत एक परिवलन करणारा हा स्पंदक (नियमित स्पंद पाठविणारा न्यूट्रॉन तारा), भोवती वायूची चकती बाळगणाऱ्या एलएस २८८३ या ताऱ्याची प्रदक्षिणा १,२३७ दिवसांत पुरी करतो. परिवलनाची ऊर्जा खर्ची घालून तो इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनांचा जो वारा सोडतो, त्याचा व ताऱ्याच्या वाऱ्याचा दाब जेथे समतोल होतो तेथे आघातपृष्ठ उभे राहते. आणि चुंबकीय क्षेत्राच्या विस्कळीतपणामुळे वारंवार मागे परतणारे कण ते पृष्ठ पुनःपुन्हा ओलांडून दर खेपेस थोडी ऊर्जा मिळवीत जातात. प्रारणावाटे होणारा खर्च त्या जमेस गाठतो तेथे ही वाढ थांबते. हेच इलेक्ट्रॉन ताऱ्याच्या प्रकाशकणांना व्यस्त कॉम्प्टन प्रकीर्णनाने लाख कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टांपर्यंत चढवितात. नामिबियातील हेस दुर्बिणींनी २००४ मध्ये हे गॅमा किरण टिपले. कक्षेची विमध्यता ०.८७ असल्याने दोन्ही गोलांतील अंतर सुमारे चौदापट बदलते, म्हणजे एकाच वेगवर्धकाची परिस्थिती निसर्ग स्वतःच नियमित पालटून दाखवितो. प्रयोगशाळेत अशक्य असलेली ही सोय या ताऱ्यांचे खरे महत्त्व होय.

डिसेंबर २०१० मधील निकटतम स्थितीनंतर सुमारे महिन्याने फर्मी उपग्रहाने जो गॅमा उद्रेक नोंदला, त्याची तीव्रता स्पंदकाच्या एकूण ऊर्जाव्ययाच्या जवळपास पोचली, तरी लाख कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टांच्या पट्ट्यात तशी वाढ आढळली नाही. त्याच्या खुलाशाबाबत एकमत नाही.

एलएस ५०३९ : आवर्तकाल ३.९ दिवस. नारायणगावजवळील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणे हिशेबात घेऊन २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सुमारे ५० कोटी हर्ट्‌झखाली या जोडीचे रेडिओ-प्रारण घटते असे दिसले. कणांच्या वस्तीतील चुंबकीय क्षेत्र अजमावण्यास ही घट फार मोलाची आहे. गॅमा किरणांच्या निर्मितीत इलेक्ट्रॉनांखेरीज प्रोटॉनांचाही वाटा आहे काय, हे वादग्रस्त.

एलएस आय +६१ ३०३ : आवर्तकाल २६.५ दिवस, २०२२ मध्ये चीनच्या फास्ट दुर्बिणीच्या निरीक्षणांतून २६९ मिलिसेकंदांची स्पंदने जाहीर, म्हणजे येथील संहत गोलही स्पंदक असल्याची खूण.