रोजगार हमी योजना (रोहयो)

ग्रामीण भागात अंगमेहनतीचे काम करायला तयार असलेल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीला काम देण्याची जबाबदारी शासनावर टाकणारी महाराष्ट्राची योजना. ‘मागेल त्याला काम’ हे तिचे सूत्र.

उगम : विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे हे या योजनेचे जनक. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूरला तिचा प्रयोग झाला. १९७२ मध्ये ती राज्यभर नेण्याचे ठरले, तोच भीषण दुष्काळ पडला. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर राबत होते. दुष्काळ सरला तरी मजुराचा रिकामा हंगाम दरवर्षी येतोच, म्हणून कायमची हमी हवी होती. त्यासाठी १९७७ मध्ये कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

स्वरूप : नाव नोंदवून कामाची मागणी करायची, १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्त्याचा हक्क. हजेरी मस्टरवर, मजुरी कामाच्या मोजमापावर आणि दर बाईपुरुषांना सारखाच. पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती व रस्ते ही मुख्य कामे. १९९० पासून फळबाग लागवडही योजनेला जोडली गेली.

निधी : १९७५ पासून व्यवसाय कर लावण्यात आला. मुंबई-पुण्यातील नोकरदाराच्या पगारातून कापलेली रक्कम कोरडवाहू गावातील मजुरीपर्यंत पोचू लागली. कराच्या उत्पन्नाइतकीच भर शासनाने घालायची होती.

परिणाम व मर्यादा : कामासाठी केवळ शेतमालकाच्या मर्जीवर अवलंबून राहण्याची सक्ती सैल झाली. कामांवर स्त्रिया मोठ्या संख्येने आल्या व त्यांची कमाई त्यांच्या नावावर नोंदली जाऊ लागली. मात्र बोगस हजेरी, रखडलेली मजुरी आणि मागणी असूनही काम न काढणे या तक्रारी कायम राहिल्या. यांत सर्वांत घातक रखडलेली मजुरी. कारण हातावर पोट असणारा मजूर थांबू शकत नाही, तो सावकाराकडे वळतो किंवा गाव सोडतो.

विस्तार : संसदेने २००५ मध्ये केलेल्या राष्ट्रीय कायद्याला महाराष्ट्राचा अनुभव आधारभूत ठरला. त्यात प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षात १०० दिवसांच्या कामाची हमी होती. सरकारच्या सोयीने मिळणारी दुष्काळी मदत नागरिकाला हक्काने मागता यावी, ही रोहयोची भारतीय लोकशाहीला मोठी देणगी आहे.