वेगळी पंगत, एकच वर्ग

वाशिम जिल्ह्यातले शिरपूर म्हटले की बाहेरच्या माणसाला आधी कोर्ट आठवते. तिथल्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या पूजेच्या वेळा दिगंबर आणि श्वेतांबरांनी 1905 मध्ये वाटून घेतल्या, तरी तंटा मिटला नाही. 1929 पर्यंत तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे पोचला होता. या प्रकरणाचे बोट धरून आमच्या भागातल्या शिकल्यासवरल्यांत एक मत पक्के झाले आहे. देवाच्या पूजेचीही वाटणी करणाऱ्या या जैन समाजाने इंग्रजी अमदानीतल्या मुंबईत वसतिगृहे काढली ती पोरांना इतरांपासून अलग ठेवायला. शिक्षण हे निमित्त. मत पटण्यासारखे आहे खरे. पण या संस्थांत काय चाले आणि काय चालत नसे, ते पाहिले की हे मत डळमळते.

सुरतेचे जवेरी माणिकचंद हिराचंद (1851–1914) यांनी मुंबईत ताडदेवला ‘शेठ हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग’ काढले. धर्माचा पाठ तिथे होई. पण इंग्रजी, गणित, रसायन शिकायला पोरगा शहरातल्या कॉलेजात जाई आणि सगळ्या जातिधर्मांच्या मुलांबरोबर एका बाकावर बसे. श्वेतांबरांचे 1915 चे महावीर जैन विद्यालयही नावाने विद्यालय, कामाने वसतिगृह. पारशांनी 1849 मध्ये, अंजुमन-ए-इस्लामने 1880 मध्ये, बेने इस्राएलांनी 1875 मध्ये स्वतःच्या शाळा उभ्या केल्या. जैनांचीही बाबू पन्नालाल हायस्कूलसारखी शाळा होती. पण उच्चशिक्षणासाठी त्यांचा भर राहिला तो स्वयंपाकघरावर.

कारण साधे होते. अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज निघाले 1923 मध्ये. त्याआधी वऱ्हाडातल्या पोराला कॉलेज म्हणजे नागपूर, नाहीतर मुंबई. मुंबईत कॉलेजचे दार उघडे होते. अडायचे ते ताटापाशी. कांदा-लसूण, बटाटा नको, पाणी गाळलेले हवे आणि दिवस मावळल्यावर घास नाही. डिसेंबरात मुंबईला सहाच्या सुमारास अंधारते. दुपारचे प्रॅक्टिकल आटोपून दमलेल्या पोराला तेवढ्यात कोणती खानावळ जेवू घालणार होती? नियम मोडायचा किंवा गावी परतायचे, एवढेच उरे. आणि सनातनी घरचा बाप पोराला परतीच्याच वाटेला लावी. बोर्डिंगने चुलीचा प्रश्न सोडवला, म्हणून वर्गात जाता आले. अलग ठेवायचेच असते, तर वर्गही आतच भरवले असते.

तसे आत वर्ग भरवणारी संस्था शिरपूरच्याच जिल्ह्यात आहे, आणि ती मुंबई बंदरापासून शेकडो मैल आत. कारंज्याचे महावीर ब्रह्मचर्याश्रम गुरुकुल 1918 चे. ते वाईट होते असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण मुंबईच्या वसतिगृहांनी अलगपणा पोसला म्हणणाऱ्यांनी हा नकाशा एकदा समोर ठेवावा. मुलींची गोष्ट निराळी. माणिकचंदांची विधवा कन्या मगनबाई हिने श्राविकाश्रमात शिकवणेच सुरू केले, कारण विधवेला बाहेरच्या शाळेत धाडायला तिचाच समाज तयार नव्हता. इथे दोष समाजाचा, संस्थेचा नव्हे.

प्रतिपक्षाजवळ एक भक्कम पुरावा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमधून भाऊराव पाटलांना काढून टाकले, ते अस्पृश्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेल्यामुळे. शुद्धीची आंघोळ करायलाही त्यांनी नकार दिला होता. घटना लाजिरवाणीच. मात्र तेच भाऊराव पुढे रयत शिक्षण संस्था (1919) काढतात, साताऱ्यात शाहू बोर्डिंग (1924) उभे करतात आणि तिथे सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवतात. बोर्डिंगची कल्पना त्यांनी टाकली नाही. पंगतीचा नियम तेवढा फिरवला. शिवाय मराठा, मुसलमान, लिंगायत अशी जातवार वसतिगृहे शाहू महाराजांनी काढवली तर ती आपण दूरदृष्टी म्हणून शिकवतो, आणि ताडदेवच्या बोर्डिंगला तेवढी कोती मनोवृत्ती म्हणतो. एक माप दोघांना लावा. मग ताडदेवच्या पंगतीत कोणाला मज्जाव होता, हा प्रश्न खुशाल विचारा. तो रास्त आहे आणि त्याचे उत्तर जैनांनी द्यायला हवे. कॉलेजच्या बाकापुरते मात्र या बोर्डिंगने कोणालाही अलग केले नाही.