तप्त वायूची कोंडी

सूर्यातील अग्नि भांड्यांत कोंडण्याचा मनुष्यानें हव्यास धरला, त्यांतील एक प्रसंग सांगतों. १९५८ च्या जानेवारींत इंग्लंडांत हारवेल येथील 'झीटा' यंत्रांत अणुमीलन साधल्याचें जाहीर झालें, आणि मे महिन्यांत तें मागें घ्यावें लागलें. चुंबकाच्या वेढ्यांत प्लाझ्मा म्हणजे तप्त वायु स्वस्थ राहीना; दिसलेले न्यूट्रॉन उष्णतेचे नसून त्या खळबळीनें ढकललेल्या कणांचे होते.

म्हणून १९६८ सालीं रशियाचे आर्त्सिमोविच यांनीं आपल्या 'टी-३' टोकामॅकांत एक कोटि अंश उष्णता सांगतांच दुधानें पोळलेले इंग्रज ताकहि फुंकूं लागले. आर्त्सिमोविचनीं शंकेखोरांनाच घरीं बोलावलें! असा मनाचा मोठेपणा विद्वानांत विरळाच. १९६९ त, ऐन शीतयुद्धांत, कल्हॅमचे शास्त्रज्ञ लेसर किरणांचें यंत्र घेऊन मॉस्कोस गेले; आंकडा खरा ठरला. पुढल्याच वर्षीं प्रिन्स्टनच्या अमेरिकनांनीं आपलें जुनें यंत्र मोडून त्याचा टोकामॅक केला.