लोणारचा खार

बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार सरोवराच्या खाराचा लौकिक जुना आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलानें ‘आइन-इ-अकबरी’त या मुलखाची नोंद करतांना कांच व साबण यांस लागणारीं द्रव्यें येथें मिळतात, असें लिहिलें. हा खार, म्हणजे मुख्यतः सोडा, लोक उन्हाळ्यांत कांठावरून गोळा करीत. पावसाळ्यांत पाणी चढलें कीं तो हातीं लागत नसे. इतरांनीं पावसाची वाट पहावी आणि यांनीं पाणी आटण्याची! सरोवरांतला खार पावसानें कांहीं नाहींसा होत नसे. उतरे ती त्याची संहती, म्हणजे ठराविक पाण्यांतलें त्याचें प्रमाण.

विद्राव्यता ही गोष्ट निराळी. पाणी एखादा पदार्थ जास्तींत जास्त किती पोटांत घेईल, ती ही मर्यादा. शंभर भाग शुद्ध पाण्यांत सोडा 0 अंशाला सुमारें 7 भाग विरघळतो, 20 अंशाला सुमारें 21. मीठ मात्र दोन्ही वेळां 36च्या आसपासच. म्हणजे उन्हानें सोड्याची मर्यादा उलट वाढते. तरीहि खार पडतो, कारण तेंच ऊन पाणी आटवून संहतीला त्या मर्यादेपर्यंत नेऊन पोंचवितें.

2020च्या जूनमध्यें पाणी ओसरून खारेपणा वाढला व सरोवर गुलाबी झालें. हा रंग क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचा, असें पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें दाखविलें. त्या जीवांना विद्राव्यतेशीं कर्तव्य नाहीं. त्यांचें सारें संहतीवर.